डाव्या बाजूचा भोंगा

१९३८च्या उन्हाळ्यात पूर्णा स्टेशनामागच्या एका पत्र्याच्या घरापुढं फटफटी येऊन पडली. पडली म्हणायचं कारण, ती बैलगाडीतून आली होती. एका जहागीरदाराच्या गोठ्यात बारा वर्षं तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. घर मुंजाजी मिस्त्रीचं. त्याचा डावा हात मनगटापासून नव्हता. दोन वर्षांपूर्वी कापसाच्या एका जिनिंगमध्ये यंत्राच्या पट्ट्यात गेला होता.

ताडकळसच्या व्यंकटरावांनी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं होतं. ते सांभाळायचं काम मुंजाजीनं मागितलं, तेव्हा त्यांनी त्याच्या रिकाम्या बाहीकडं पाहिलं.

"मुंजा, तू लय कसबी हायस. पन इंजिनाला दोन हात लागतेत."

"मालक, एका हातानं फटफटी बांधून, चालवत आनली तर?"

"बाजाराच्या दिशी आन. समद्यांसमोर. मंग इंजिन तुझं."

तीन महिने मुंजाजी अंगणातून उठला नाही. डाव्या मुठीतला क्लच त्यानं डाव्या पायाखाली आणला. टाकीवरचा गिअरचा दांडा वाकवून उजव्या टाचेशी नेला. ब्रेक आणि पेट्रोलच्या कळा उजव्या मुठीपाशी एवढ्या दाटीनं बसवल्या, की तिथं बोटभर जागा उरली नाही. रबरी भोंगा मात्र जुन्या जागी, डावीकडेच राहिला.

"अवो, भोंगा कशाला घासायलाव?" बायको केवळाबाई म्हणाली. "दाबनार कोन?"

"शोभेला हाय. नवरदेवाला बाशिंग असतंय का न्हाई?"

"बाशिंग एका दिवसाचं. ह्यो तर जन्माचा घरात शिरायलाय."

पहिल्यांदा त्यानं गाडी नदीच्या वाटेवर काढली. एकाच हाताचा भार पडला की गाडी उजवीकडं ओढणार, हे त्याला ठाऊक होतं. त्यावर उपाय म्हणून हँडलच्या डाव्या टोकात शिसं ओतायचं त्यानं ठरवलं होतं. परत येऊन त्यानं धुळीतल्या चाकोरीला दोरी लावली. पन्नास हात चाकोरी सुतात होती. शिशाची गरजच नव्हती.

त्याचा ऊर भरून आला. एवढं नेमकं काम त्याच्या हातून दोन हात असतानाही झालं नव्हतं.

फक्त नसलेल्या डाव्या तळव्याला रग लागली होती. तसं होतं, हे डॉक्टरनं सांगितलेलं होतं.

केवळाबाईनं दारात गाडी पाहिली. टाकी, दिवा, सीट, सगळ्यावर बोटभर धूळ. डावी मूठ तेवढी स्वच्छ.

"ही एकलीच पुसली व्हय?"

"न्हाई," मुंजाजी म्हणाला आणि आत गेला.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी तो ताडकळसला पोचला. लोक दुतर्फा उभे राहिले. व्यंकटराव पारावर खुर्ची टाकून बसले होते. "थोट्यानं आनली की!" कुणीतरी ओरडलं. मुंजाजीनं मान ताठ केली.

तेवढ्यात गुरांच्या बाजारातून एक वळू दावं तोडून आडवा आला.

भोंगा वाजला. दोनदा.

वळू बिचकला, बाजूला झाला. गाडी रेषाही न सोडता पारापाशी येऊन थांबली. लोकांनी टोप्या उडवल्या. व्यंकटराव खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली.

"काम तुझं, मुंजा. शब्द हाय माझा." मग आवाज उतरला. "पन भोंगा कोनी वाजवला?"

मुंजाजीनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. तो अजून ब्रेकवर आवळलेला होता.

"गाडी माझ्या हातची हाय, मालक," तो म्हणाला. "समदं वेळेवर करती."

व्यंकटराव त्याला विहिरीवर घेऊन गेले.

इंजिनाच्या बैठकीचा एक बोल्ट ढिला होता. नट पुढून आवळायचा, तर बोल्टचं डोकं मागून दुसऱ्या पान्यानं धरावं लागतं. नाहीतर दोन्ही बरोबरच फिरतात. मागं दगडी भिंत होती. मधे माणूस शिरेल एवढी फट नव्हती.

"गडी बोलावू का?"

"नको."

मुंजाजीनं नटाला पाना लावला. एक आटा. दोन. तीन.

बोल्ट जागचा हलला नाही.

नट पक्का बसला. मुंजाजीनं कपाळाचा घाम पुसला आणि वर न बघता, जोडीदाराला सांगावं तसं म्हणाला,

"सोड."

इंजिनामागं, दगडावर, दुसरा पाना पडला.