डाव्या दारावरची नाल

सारंगखेड्याच्या जत्रेत त्या वर्षी हजारेक घोडी आणि एक मोटार आली होती. हजारांपैकी एकाच घोडीने लाथ मारली, आणि ती नेमकी मोटारीलाच बसली. यात दैवाचा हात किती आणि बन्सीलालचा किती, यावर पुढे चार दिवस जत्रेत बोलणं चालू होतं.

एकसष्ट सालची दत्तजयंती. तापीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. बन्सीलाल आपल्या काकांची काळी मोटार घोड्यांच्या रांगांमधून बैलाच्या चालीने नेत होता. शेजारी डावीकडे शांतीलालकाका, शहाद्याकडचे केळीचे बागायतदार, “जनावरं बुजतीन, भोंगा वाजाडू नको,” एवढं बजावून झोपी गेले होते.

डाव्या हाताला एक तांबडी घोडी रस्त्याकडे पाठ करून बांधलेली होती. तिच्या तोंडाशी उभी राहून एक मुलगी तिच्या कपाळावरचे केस विंचरत होती. मुलीने मान वर केली. मोटारीकडे पाहिलं, मोटारीतल्या बन्सीलालकडे पाहिलं... आणि पुन्हा विंचरायला लागली. जणू दोन्ही वस्तू तिने आधी कुठेतरी पाहिल्या होत्या आणि घ्यायच्या नाहीत असं ठरवलं होतं.

बन्सीलालने भोंगा वाजवला.

घोडीचा मागचा खूर डाव्या दारावर आला. आवाज असा झाला की काका पानाच्या डब्यासकट जागे झाले.

“काय व्हयनं?”

“घोडीनी लाथ मारी, काका.”

“उगीच?”

बन्सीलालने मुलीकडे पाहिलं. आता ती त्याच्याकडेच बघत होती. पण ज्या कामासाठी भोंगा वाजवला होता, ते असं पार पडेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“उगीच,” तो म्हणाला.

“भोंगा वाजना व्हता,” मुलगी म्हणाली.

“मी नही ऐका,” काका म्हणाले. झोपलेल्या माणसाने हे इतक्या खात्रीने सांगितलं, की जमलेल्या चार जणांनीही आपण ऐकला नसावा असं ठरवून टाकलं.

काकांनी खाली उतरून दार पाहिलं. पत्र्यात खुराचा ठसा उमटला होता, नालेसकट. खरं तर काकांना वाईट वाटायला हवं होतं. पण गेली तीन वर्षं ते मोटारीच्या विम्याचा हप्ता भरत होते आणि तीन वर्षांत मोटारीला काही म्हणता काही झालं नव्हतं. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागून राहिली होती.

“बन्सी,” ते समाधानाने म्हणाले, “विमाना कागद काढ.”

बन्सीलाल धुळ्याला कॉलेजात दोन वर्षं होता, त्यामुळे घरातले सगळे कागद त्याच्याकडे असत. त्याने कागद बॉनेटवर पसरला. समोरील वाहनाचा प्रकार: त्याने ‘घोडी’ लिहिलं. वेग: ‘उभी’. पुढे चालकाचं नाव होतं. त्याने घसा साफ केला.

“नाव?”

“घोडीनं का मन्हं?”

“दोन्हींनं सांगा.”

“ती साखर. मी अनुसया. धानोरेना धुडकू पाटीलनी आंडेर.” मग थोडं थांबून म्हणाली, “उगीच लाथ मारी असं बी लिखशात का?”

बन्सीलालची लेखणी थांबली. तेवढ्यात तिचे वडील आले आणि त्याची सुटका झाली, असं निदान त्याला वाटलं.

धुडकू पाटलांच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा होता. बाकीची बोटं आठ वर्षांपूर्वी कडबा कापायच्या यंत्रात गेली होती. त्यांनी काकांपुढे तो हात दुसऱ्या हातावर ठेवून जोडल्यासारखा केला.

“पाटील, विमा म्हंजे पोलीस, पोलीस म्हंजे पंचनामा. पंचनामामा घोडीनं नाव चढनं का ती लाथाडी ठरनी. मंग तिले कोनी सवारीले लेत नही. टांगावाला तेवढा लेई.”

नंदुरबारचा एक टांगेवाला तीन रांगा सोडून बसलाच होता. तो दरवर्षी शेवटच्या दिवसापर्यंत काही घेत नसे. खोडीची म्हणून कुणी न घेतलेली जनावरं पडेल भावात नेत असे. त्याच्याकडे गेलेल्या घोडीचे गुडघे वर्षभरात फुटत. अनुसयाने साखरच्या गळ्यावर हात ठेवला. आठ दिवसांची असताना आई मेलेली ही शिंगरी तिने बोटाने दूध पाजून वाढवली होती.

काका विरघळले. तीन वर्षांची हौस त्यांनी घडी करून बन्सीलालच्या खिशात ठेवली. “चाला. आपसमा मिटाडू.”

सारंगखेड्याला आपसात मिटवायचं म्हणजे रुमालाखाली. देणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव बोलतात. हात उजवाच, आणि तोंडाने आकडा काढायचा नाही. जमलं की रुमाल दूर करायचा, म्हणजे धरलेले हात सगळ्यांना दिसतात आणि सौदा पक्का. धुडकू पाटलांना बोलायला बोटंच उरली नव्हती, म्हणून बारा वर्षांची असल्यापासून त्यांच्या जागी अनुसया बसे. आता ती वीस वर्षांची होती, आणि काही व्यापारी सौदा नसतानाही भाव विचारायला येऊ लागले होते. त्यांच्याशी मात्र धुडकू पाटील तोंडी बोलत.

काकांना हे पटेना. “परकी पोरना हात मी कसा धरू? बरं दिसत नही. बन्सी, तू धर.”

बन्सीलाल घोंगडीवर बसला. अनुसयाने पांढरा रुमाल टाकला. त्याखाली तिचा हात आला. थंड होता, आणि त्याला हरभऱ्याच्या भिजल्या डाळीचा वास येत असावा, असं बन्सीलालला उगाचच वाटलं. त्याने तो आख्खा धरला. पुढे काय करायचं हे माहीत नसल्याने धरून ठेवला. मग घाबरून आणखी दोनदा दाबला.

“इतलामा तर नवी मोटार येई,” ती शांतपणे म्हणाली.

“माले येत नही हाई.”

“ते समजनं.” तिने रुमालाकडेच बघत सांगितलं, “दहाना हिसाब शे. एक बोट धरा का दहा, दोन धरा का वीस. आख्खा हात नका धरू.”

“आख्खा धरा का काय व्हस?”

“मोजता येत नही.”

काकांनी सांगितलेला आकडा सहा बोटांचा होता. बन्सीलालने पाच मोजली, सहाव्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि मध्येच तिच्या करंगळीवर जुन्या चटक्याचा व्रण लागला तशी मोजणी चुकली. सौदा दुसऱ्या दिवसावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नालबंद मोटारीपाशी थांबला. त्याने ठसा निरखून पाहिला आणि पागोटं काढलं. “पाटील, लोक नाल इकत लेतस आनि दारले ठोकतस. तुमना दारले घोडीनी सोता ठोकी दिधी. आनि सुलटी.”

काका हसले. पण दुपारी निरोप आला, की आठ दिवसांपूर्वी हरवलेली म्हैस आपण होऊन घरी आली. काका बराच वेळ डाव्या दारापुढे उभे राहिले. मग त्यांनी बन्सीलालला बोलावलं.

“हाई दारले आते कोनी हात लावाना नही. मी बी उजवीकडथीन चढसू. जाय, धुडकू पाटीलले सांग, आमनं काही म्हननं नही. भरपाई नको.”

बन्सीलाल सांगायलाच निघाला होता. वाटेत त्याने वाक्यही जुळवलं. पण तो पोहोचला तेव्हा अनुसया घोंगडीवर बसलेली होती, आणि रुमाल आधीच टाकलेला होता.

त्याने वाक्य गिळलं आणि हात पुढे केला.

त्या दिवशी त्याने चार बोटं धरली. तिने दोन. तिसऱ्या दिवशी त्याने दोन धरली, आणि तिने... तिने पाच धरली. घेणारा उतरत होता, देणारी चढत होती. दोघं वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेले होते आणि दोघांनीही ओळख दाखवली नव्हती.

“आज थंडी जास्त शे,” तो म्हणाला.

“रुमालखाल नही,” ती म्हणाली.

चौथ्या दिवशी तो गेला तर रुमाल तिच्या खांद्यावर होता. पलीकडच्या रांगा मोडत होत्या, राहुट्या उतरत होत्या. ती साखरच्या पायाची माती पुसत बसली होती.

“चहावाला सांगस, तुमना काका दोन दिनपासून दारनी पूजा करी ऱ्हायनात,” ती मान वर न करता म्हणाली. “भरपाई नको म्हनात ना त्या?”

बन्सीलालने तिच्या खांद्यावरच्या रुमालाकडे पाहिलं.

“माले वाटनं, तुम्हीन कमी करी ऱ्हायनात म्हंजे दया करी ऱ्हायनात. म्हनीसन मी चढाडं. कोनी दया करेल माले आवडत नही.” तिने माती पुसायची थांबवली. “तळोदाना वीरसिंग भाऊ तीन येळा देखाले उनात. घोडी आवडनी त्यासले. म्हनेत, वाद मिटू द्या, वादनं जनावर मी लेत नही. आज दुपारले त्या चालनात. टांगावाला सांजले येवाव शे.”

बन्सीलालला एकदम सगळी जत्रा रिकामी वाटली. तीन दिवस तो एक हात धरून बसला होता, आणि त्या तीन दिवसांची किंमत ही तांबडी घोडी देणार होती. तीही एका खोटेपणापायी, जो त्याने एका शब्दात बोलून टाकला होता.

तो वळला आणि चालू लागला. अनुसयाला वाटलं, गेला.

अर्ध्या घटकेने तो परत आला. बरोबर वीरसिंग होते, काका होते, नालबंद होता आणि काहीतरी होणार एवढंच कळलेली पन्नासेक माणसं होती.

“घोडीना दोस नही,” बन्सीलाल सगळ्यांसमोर म्हणाला. “भोंगा मी वाजाडा. तिना मांगेच वाजाडा. आनि काकाजोडे खोटं बोलनू. वाद काही नही. भरपाई बी नही.”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. म्हैस परत आली नसती तर त्या दिवशी त्याचं काही खरं नव्हतं.

वीरसिंग साठीचे, मिशा पांढऱ्या. “कानजोडे भोंगा वाजना तर मी बी लाथ मारसू,” ते गंभीरपणे म्हणाले. “पन ती उगीच मारत नही, हाई कसं समजी? तू तिना मांगे उभा ऱ्हाय. मन्ही चिलीम व्हईस्तोवर.”

बन्सीलाल साखरच्या मागे जाऊन उभा राहिला, बरोबर लाथेच्या अंतरावर. वीरसिंगांनी चिलीम काढली, झटकली, तंबाखू चोळायला घेतली. कशाचीच घाई नसलेला माणूस होता.

अनुसया घोडीचं तोंड धरून उभी होती. मध्ये आख्खी साखर.

“भ्या वाटस का?” पलीकडून आवाज आला.

“वाटस.”

“साखरनं?”

“साखर शांत शे.”

साखरने शेपूट हलवली. ती बन्सीलालच्या तोंडावरून गेली. तो हलला नाही.

“भोंगा वाजाडा हाई सांगं,” आवाज जरा बारीक झाला. “कसाले वाजाडा, ते नही सांगं.”

घोडीच्या लांबीइतक्या अंतरावरून कानात काही सांगता येत नाही. आणि पन्नास माणसं अशा वेळी फार शांत उभी राहतात.

“तुन्ही एकदाच देखं व्हतं,” तो म्हणाला. “परत देखशी... म्हनीसन.”

वीरसिंगांची चिलीम विझली. त्यांनी ती पुन्हा पेटवली नाही.

“लेसू घोडी,” ते म्हणाले.

त्यांचा आणि अनुसयाचा सौदा झाला तेव्हा रुमालाखाली उंदीर शिरल्यासारखी हालचाल चालली होती. ते ओढत होते, ती झटकत होती, बोटं सुटत होती, पुन्हा सापडत होती. मग रुमाल दूर झाला. वीरसिंगांनी साखरच्या पाठीवर आपली शाल टाकली आणि तिला पायी चालवत नेलं, पहिल्या दिवशी चढायचं नाही म्हणून. अनुसया ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. रडली नाही. फक्त हातातली फणी तिने दोनदा रिकाम्या हवेत फिरवली.

बन्सीलाल वळला.

“भरपाई ऱ्हायनी,” ती मागून म्हणाली.

“आमनं काही म्हननं नही...”

“मन्हं शे.”

ती घोंगडीवर बसली आणि तिने रुमाल टाकला. बन्सीलाल समोर बसला. तिने शिकवल्याप्रमाणे त्याने एक बोट धरायला हात नेला, तर तिने आख्खा हात त्याच्या हातात दिला होता.

“मोजू कसा?” त्याने हळूच विचारलं.

“मोजू नको.”

काका अस्वस्थ झाले. “किती व्हयनं? काय चाली ऱ्हायनं?”

धुडकू पाटलांनी आपल्या अंगठ्याने रुमालाकडे दाखवलं. चाळीस वर्षं त्यांनी रुमाल पाहिले होते.

“शांतीलाल पाटील, सौदा चालू ऱ्हायना का रुमाल हालस. आत्तेच देखा ना तुम्हीन. यास्ना रुमाल दुसरा दिनपासून हालना नही.” मग ते जरा खाकरले. “मी काही बोलनू नही. म्हंतं, पोरले साखरनी चिंता शे, तेवढा येळ हात उबमा ऱ्हाऊ दे.”

काकांनी रुमालाकडे पाहिलं. मग दूर उभ्या मोटारीच्या डाव्या दाराकडे पाहिलं. म्हशीनंतर आता काय काय घरी येणार आहे, याचा त्यांनी थोडा विचार केला.

“धानोरेना पाटील आपलामधलाच ना?” त्यांनी नालबंदाला विचारलं.

“आपलामधलाच,” नालबंद म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

अनुसयाने मान वर केली. बन्सीलालकडे पाहिलं. या वेळी भोंगा कुणी वाजवला नव्हता. मग तिने मोकळ्या हाताने रुमालाचं टोक धरलं, आणि सगळ्या जत्रेसमोर तो दूर केला.