चार स्टँडवरची गाडी

लिफ्ट तपासनिसाचा भुताखेतांवर विश्वास नसतो. असलाच तर त्याने दुसरी नोकरी बघावी. मध्येच थांबणारी लिफ्ट, रिकाम्या मजल्यावर आपोआप उघडणारं दार, अशा तक्रारी या तपासनिसाकडे वर्षभर येत. तो पॅनेल उघडायचा, झिजलेला एखादा रिले, म्हणजे विजेचा छोटा स्विच, काढायचा आणि लोकांच्या तळहातावर ठेवायचा. "हे घ्या तुमचं भूत," म्हणायचा. लोक ओशाळायचे आणि त्याला बरं वाटायचं.

त्यामुळे बायकोच्या पहिल्या नवऱ्याची स्पोर्ट्स कार घरच्या घरी दुरुस्त करायचं त्याने ठरवलं, तेव्हा आपल्या डोक्यात फक्त नटबोल्ट आहेत, असं तो सगळ्यांना सांगत होता.

घर त्या पहिल्याचंच. तो ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मागे राहिली बायको, ही गाडी आणि त्याचा बाप. दुसरं लग्न ठरताना बायकोने एकच अट घातली होती, "बाबा माझ्याबरोबरच राहतील." म्हणजे बॅग उचलून यायचं ते तपासनिसानेच. घरजावयाचे निदान सासू तरी लाड करते. याच्या वाट्याला परक्याचा बाप आला. म्हातारा त्याला पहिल्या दिवसापासून 'पाहुणे' म्हणायचा. "पाहुणे, आंघोळीला निघालात का? मग मी आधी जाऊन येतो." दोन वर्षं होत आली तरी ते सुटलं नव्हतं.

हे तो गिळत होता. गिळवत नव्हतं ते दुसरंच. मोठ्या इंजिनाची एखादी गाडी कोपऱ्यावर वळली, की बायकोचे हात थांबायचे. भाजी चिरत असो की कपडे घडी करत असो, मान किंचित तिरकी व्हायची. गाडी पुढे गेली, की हात पुन्हा चालू. तिला स्वतःला ते कळतही नसे. पहिल्याच्या गाडीचा आवाज लंगडा होता म्हणे: तीन ठोके सरळ, मग एक पाय ओढल्यासारखा. "गल्लीच्या तोंडाशी आला की मला कळायचं," ती एकदा सहज बोलून गेली, "मी ताटं घ्यायला लागायचे." ते ऐकून तपासनिसाला वाटला तो मत्सरच होता. दोन वर्षांत त्याच्या स्कूटरचा आवाज ऐकून कोणी ताट घेतलं नव्हतं.

इंजिनाचा आवाज बराचसा कॅमशाफ्ट ठरवतो. व्हॉल्व्ह कधी उघडायचे, किती वेळ उघडे ठेवायचे, हे सगळं त्या एका दांड्यावरच्या उंचवट्यांच्या हातात असतं. पहिल्याने हौसेने जहाल कॅम बसवला होता, म्हणून ते लंगडणं. शिवाय आता दोन्ही बाजूंच्या सिलिंडर हेडना, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणांना, तडे गेले होते, ऑइलमध्ये पाणी उतरत होतं. हेड बदलायला इंजिन उघडावं लागणारच होतं. उघडलंच आहे तर कॅमही बदलू, नवा आणि मवाळ घालू, असा त्याने हिशेब केला. गाडी राहील, तो आवाज जाईल. मग ती कान देणं सोडेल आणि आपण एकदाचे या घरात राहायला येऊ. एवढंच त्याला हवं होतं.

"सगळ्यात शांत कुठला?" त्याने पार्टवाल्याला विचारलं.

"या गाडीला? साहेब, वाघाला दुधाची बाटली लावताय," पार्टवाला म्हणाला आणि आतून खोका घेऊन आला.

गाडी त्याने चार स्टँडवर चढवली, चारही चाकं अधांतरी. म्हातारा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसू लागला.

"त्याला दुसऱ्याचा हात चालत नाही," म्हातारा म्हणाला.

"चालत नव्हता," तपासनीस गाडीखालून म्हणाला.

"मी काय बोलतो ते मला कळतं, पाहुणे."

जुना कॅम समोरून सरळ ओढून काढायचा असतो. तो अर्धा बाहेर आला आणि अडला. तपासनिसाने पकड बदलली, तेवढ्यात तो बोटभर आत गेला. झटक्याने नव्हे, आपली वस्तू दुसऱ्याच्या हातातून कोणी शांतपणे परत घ्यावी, तसा. तपासनिसाने बेअरिंगला शिवी दिली, तेल सोडलं आणि बंपरला पाय लावून ओढला. कॅम एकदम सुटला, तपासनीस मागे कोलमडला आणि त्याची तीन बोटं पत्र्यावर सोलून निघाली. म्हातारा हसला. या घरात आल्यापासून तपासनिसाने त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

जुनी हेड आणि कॅम त्याने त्याच दिवशी भंगारात टाकली.

नवा कॅम घालून त्याने नवी हेड वर ठेवली. हेडचे बोल्ट एका दमात आवळायचे नसतात. मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, तीन फेऱ्यांत आवळायचे. किती जोर हवा ते टॉर्क पान्यावर आधी लावून ठेवायचं. तेवढा जोर पडला की पाना 'टक्' करतो, मग थांबायचं. दोन फेऱ्या करून तो जेवायला गेला. परत येऊन त्याने पाना तिसऱ्या फेरीच्या जोरावर लावला आणि मधल्या बोल्टवर ठेवला. टक्. बोल्ट केसभरही हलला नाही. शेजारचा, टक्. त्याच्या पलीकडचा, टक्. दोन्ही हेडचे सगळेच्या सगळे आवळून झालेले होते.

म्हातारा पूर्ण वेळ त्यांच्याच टेबलावर जेवत होता. आणि त्याचे हात असे थरथरत, की शर्टाची बटणंसुद्धा सून लावून द्यायची.

"गॅरेजात तू गेली होतीस?" तपासनिसाने बायकोला विचारलं.

"मी? मी तुला वाढत होते."

"मग बोल्ट कोणी आवळले?"

"तूच आवळले असशील. आठवत नसेल."

"मी काय करतो ते मला आठवतं."

"मग माझ्यावर का ओरडतोस?" ती भांडी आपटत म्हणाली. "मी सांगितलं होतं त्या गाडीत हात घाल म्हणून? बरी झाकलेली होती."

पान्याची स्प्रिंग गेली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. ऑफिसात नेऊन पाना तपासला. पाना ठणठणीत होता. त्याने सगळे बोल्ट सैल केले आणि पहिल्यापासून पुन्हा आवळले.

त्यानंतर काम भराभर होऊ लागलं आणि ते त्याला आवडेना. संध्याकाळी येऊन बघावं, तर एका बाजूचे व्हॉल्व्ह सेट झालेले, तेही त्याला जमलं नसतं इतक्या बारकाईने. त्याने गॅरेजला कुलूप ठोकलं, किल्ली खिशात घेऊन कामावर गेला. आला तेव्हा दुसरी बाजूही झालेली होती. कुलूप जसंच्या तसं. चांगल्या कामाची धडकी भरावी, अशी पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. त्याने सगळं खोललं आणि डोळ्यांत तेल घालून स्वतःच्या हाताने परत लावलं. कॅमही बाहेर काढून खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. नवाच होता, मवाळ. त्याच्या उंचवट्यांवरून त्याने बोट फिरवून पाहिलं आणि तो पुन्हा आत सरकवला.

नव्या कॅमचं एक पथ्य असतं. इंजिन पहिल्यांदा सुरू केलं, की वीसेक मिनिटं वरच्या रेसवरच ठेवायचं. मध्ये सोडलं, तर उंचवटे खरवडले जातात आणि सगळी मेहनत पाण्यात. रविवारी सकाळी, लख्ख उन्हात, शटर पूर्ण वर करून तो गाडीत बसला. गाडी स्टँडवरच होती. गिअर न्यूट्रलला असल्याची त्याने खात्री केली आणि किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं.

वरच्या रेसवर सगळी इंजिनं सारखीच रडतात. आवाज भिंतींवर आपटत राहिला, फळीवरचे डबे थरथरू लागले. स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. म्हातारा खुर्चीतून उठला, भिंतीला धरत गाडीच्या काचेपाशी आला आणि वाकला.

"बास झालं, पाहुणे. रेस सोडा."

"अजून वेळ आहे."

"तिला ऐकू द्या."

तपासनिसाने मुद्दाम सोडली नाही. घड्याळावर नजर ठेवून तो बसून राहिला, पाय भरून आला तरी. वेळ भरल्यावर मात्र त्याने पाय अलगद उचलला.

इंजिन खाली आलं. तीन ठोके सरळ.

मग एक, पाय ओढत.

हे शक्य नव्हतं. या कॅममधून हा आवाज निघूच शकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं; त्याने तो बोटांनी चाचपला होता. त्याने किल्ली बंद केली. तापलेलं इंजिन कधी कधी किल्ली काढल्यावरही दोनचार ठोके घेतं. याने घेतले, आणि घेतच राहिलं.

तो बाहेर उडी मारून पुढे धावला आणि बॅटरीची तार उपटली. इंजिनाला काही फरक पडला नाही. मागून खट्, खट् असा आवाज आला. ड्रायव्हरची सीट रुळावरून मागे सरकली होती, लांब पायांच्या माणसाला लागते तेवढी.

दार आतून ओढल्यासारखं बंद झालं.

स्वयंपाकघराची खिडकी आता उघडी होती.

बायको अंगणातून येत होती. कपडे बदललेले, पायात बाहेरच्या चपला, खांद्याला पर्स.

"थांब," तो आडवा झाला. "आत जाऊ नकोस. ऐक माझं."

ती थांबली. रस्त्यात अनोळखी माणूस समोर आला, की तो बाजूला होईपर्यंत आपण थांबतो, तशी. मग त्याला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली, गाडीत बसली आणि पट्टा लावला.

"सावकाश ने रे," म्हातारा ड्रायव्हरच्या काचेत वाकून म्हणाला.

गिअर पडला. अधांतरी चाकं फिरू लागली.

तपासनिसाने तिच्या बाजूचं दार ओढलं. उघडेना. काचेवर मुठी मारल्या, तिचं नाव घेऊन ओरडला. ती समोर बघत होती. गाडी स्टँडवरून तसूभर हलली नव्हती, आणि ती मात्र आधी डावीकडे झुकली, मग उजवीकडे, एकामागून एक वळणं यावीत तशी. काचा बंद होत्या, तरी तिचे केस मागे उडत होते. ती काहीतरी बोलली आणि हसली.

तो धावत मागच्या काचेपाशी गेला आणि दोन्ही हात काचेवर टेकून उभा राहिला.

तिने मान वळवून मागे पाहिलं. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. तिने डोळे बारीक केले, कपाळावर हात आडवा धरला, आणि खूप लांब रस्त्यात कोणी उभं आहे का ते बघत राहिली. मग, नसावं कोणी, असं वाटून ती पुन्हा पुढे बघू लागली.