भडंग कुणाकडे बघतो?

"मांजरांना भुतं दिसतात का?"

हा प्रश्न वेणू हावळने भर विज्ञानकट्ट्यावर, दोनशे मुलांसमोर, माइक हातात घेऊन विचारला. तो विचारायची पैज लावली होती तिच्या मैत्रिणीने, प्राजूने. मागच्या वर्षीपर्यंत वेणू वर्गात 'हजर' सुद्धा इतकं हळू म्हणायची, की बाईंना तिचं नाव दोनदा घ्यावं लागे. नववीत आल्यावर मात्र तिला कुठून कंठ फुटला कोण जाणे. वक्तृत्वात तिसरी आली, आणि तेव्हापासून माइक दिसला की तिचे हात शिवशिवायला लागले. "विचारलंस, तर महिनाभर माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तुझी," असं प्राजू म्हणाली, आणि वेणू उठलीच.

सभागृह खदखदून हसलं. मंचावरच्या डॉ. नसीम मोमीन मात्र हसल्या नाहीत. त्या ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणाऱ्या). सत्तरी ओलांडलेल्या, पांढऱ्या केसांचा बॉबकट, पायात रंगीत बूट. जन्म इचलकरंजीचाच, त्यांचे वडीलही माग चालवायचे. नोकरीनिमित्त जगभर फिरून २०४५ साली त्या गावी परतल्या आणि दर शनिवारी मुलांच्या प्रश्नांना तोंड देऊ लागल्या.

"कुठल्या मांजराबद्दल विचारतेस?" त्यांनी विचारलं.

"आमच्या. भडंगबद्दल."

पुन्हा हशा. भडंग म्हणजे तिखट, मसालेदार चुरमुरे. पिवळ्या अंगावर तपकिरी ठिपके घेऊन जन्मलेल्या बोक्याचं नाव दुसरं काय ठेवणार?

मोमीनबाईंच्या टेबलावर जेवणाच्या डब्याएवढा एक यंत्रमानव बसला होता. त्याचं नाव टिपकागद. कसलाही आवाज टिपतो, म्हणून बाईंनी ठेवलेलं. डोक्यावर दोन कर्णे आणि बोलणं एकदम रोखठोक. "भूत ही नोंद नाही, अंदाज आहे," तो म्हणाला. "नोंद असेल तर दे."

नोंद वेणूकडे नव्हती. कट्टा संपल्यावर ती बाईंना एकट्यांना गाठून घडाघडा बोलली, तेव्हा कळलं की पैज हे नुसतं निमित्त होतं. पोरीला खरंच काळजी लागली होती.

झालं होतं असं. वेणूच्या घराला लागूनच तिच्या वडिलांचा, अण्णांचा, मागांचा कारखाना. सहा एअरजेट माग (हवेच्या झोताने आडवा धागा फेकणारे). गावात वीज छपरावर तयार होत होती, बसगाड्या चालकाविना धावत होत्या. पण अण्णांचे माग वेणूपेक्षाही वयाने मोठे. त्यांना हवा पुरवायला बाहेर एक कॉम्प्रेसर आणि तिथून आत गेलेली भिंतभर नळी. विणलेलं कापड आई उजेडाच्या टेबलावर पसरून तपासायची. एक धागा इकडचा तिकडे झाला तरी तिच्या नजरेतून सुटत नसे.

गेला महिनाभर तीन नंबरचा माग सारखा बंद पडत होता. आडवा धागा पलीकडे पोहोचायचाच नाही. आणि दरवेळी बघावं तर भडंग तिथेच. भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे मान वर करून, कान ताठ, शेपटीचं टोक तेवढं हलतंय. त्या कोपऱ्यात ना पाल, ना कोळी, ना माशी. मध्येच तो कशावर तरी झडप घालायचा आणि रिकाम्या हवेत पंजे मारून परत यायचा. गेल्या मंगळवारी तर झडप चुकली आणि स्वारी थेट बीमवर (उभे धागे गुंडाळलेल्या मोठ्या रुळावर) पडली. चाळीस धागे तुटले. ते एकेक करून सांधायला मागांची दुरुस्ती करणाऱ्या बंडामामांचा अख्खा दिवस गेला.

तेव्हा आई म्हणाली की आता पुरे झालं. माग बंद पाडतो तोच, कापडात केस सापडतात तेही त्याचेच. पुढच्या रविवारी शिरोळहून आत्या येणार होती. ती भडंगला मळ्यावर घेऊन जाणार, हे ठरलं.

"आठ दिवस आहेत," वेणू म्हणाली. "तो वेडा नाही, एवढं मला सिद्ध करायचंय."

बाईंनी तिला उत्तर दिलंच नाही. उलट तीन प्रश्न दिले. तो बघतो कुठे? कधी बघतो? आणि मुख्य म्हणजे, बघतो की ऐकतो?

"तिसरा कसा ओळखायचा?"

"ते तूच शोध. कारखान्यात तुमच्याकडे कापडाला काय तोटा?"

रविवारपासून वेणूची वही सुरू झाली. आधी तिची खात्री होती की भडंगला अदृश्य उजेड दिसतो. सूर्यप्रकाशात जांभळ्याच्याही पलीकडचा एक उजेड असतो, त्याला अतिनील किरण म्हणतात. आपल्या डोळ्यातलं भिंग तो अडवतं; मांजराचं भिंग त्यातला बराचसा आत येऊ देतं. हे वाचून वेणूने प्राजूला रात्रीचं जेवण होईपर्यंत व्हिडिओवर पिडलं. पण तपासायला तर हवं. म्हणून सोमवारी तिने काळ्या कापडाचा पडदा भडंग आणि तो कोपरा यांच्या मध्ये टांगला. दिसत असेल, तर आता दिसणार नाही.

भडंगने पडद्याकडे एकदा तुच्छतेने बघितलं. मग डोकं तिरकं करून तो पडद्याच्या नेमक्या त्याच जागी टक लावून बसला, जिच्या मागे तो कोपरा होता. त्याचे कान तर दोन हातांनी पडदा बाजूला सारावा तसे पुढे वळले होते.

अतिनील किरणांचा निकाल लागला. वेणूला दोन मिनिटं वाईट वाटलं. इतकी सुंदर कल्पना होती. मग तिने वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बघत नाही. ऐकतो.'

पण काय ऐकतो? कारखान्यात माग चालू असताना शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून तर मागवाल्यांची खुणांची बोली असते. मूठ पिळली की धागा तुटला. बोटं तोंडाशी नेली की जेवायला चला. तर्जनी हवेत गोल फिरवली की चालू ठेवा, थांबवू नका. वेणू बोलायला लागायच्या आधी या खुणा शिकली होती, असं आई अजून पाहुण्यांना सांगते. अशा दणदणाटात त्या कोपऱ्यातून येणारा बारीकसा आवाज कुणाला ऐकू यायचा?

"मग माग बंद असताना ऐक की," प्राजू म्हणाली. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. दोघी सकाळीच खुर्चीवर खुर्ची ठेवून कोपऱ्याला कान लावून बसल्या. काही नाही. चिडीचूप. आणि गंमत म्हणजे भडंगसुद्धा तिकडे फिरकला नाही. दिवसभर तो सुताच्या पोत्यांवर उताणा झोपला होता.

"भुताला पण शुक्रवारची सुट्टी असते गं," प्राजू म्हणाली, आणि वेणूने तेही वहीत लिहून ठेवलं.

शनिवारी डॉ. मोमीन टिपकागदला पिशवीत घालून स्वतःच कारखान्यात आल्या. वेणूची वही त्यांनी शेवटपर्यंत वाचली आणि भुताच्या सुट्टीच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. अण्णा, आई आणि बंडामामा जरा संकोचून बाजूला उभे होते. बंडामामांना हा सगळा खुळेपणा वाटत होता आणि तसं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

माग चालू होईपर्यंत बाईंनी अंगणात सगळ्यांना समजावून सांगितलं. आवाज म्हणजे हवेची थरथर. एका सेकंदात किती वेळा थरथर होते, त्या आकड्याला वारंवारता म्हणतात. ढोलाची वारंवारता कमी, शिट्टीची जास्त. माणसाच्या कानाला फार तर वीस हजारांपर्यंतची थरथर कळते, आणि वय वाढेल तशी ती मर्यादा खाली येते. त्यापुढच्या आवाजाला श्राव्यातीत (माणसाच्या ऐकण्यापलीकडचा) म्हणतात.

"आणि मांजराला?" आईने विचारलं. आई प्रश्न विचारते आहे, हे बघून वेणूला आतून गुदगुल्या झाल्या.

"साठ हजारांच्याही पुढे. उंदरांची पिल्लं आईला हाक मारतात ती याच उंच आवाजात. आपल्याला वाटतं खोली शांत आहे. मांजराला वाटतं आज बाजार भरलाय. त्यात त्याचे दोन्ही कान वेगवेगळे फिरतात, त्यामुळे आवाज नेमका कुठून आला तेही त्याला समजतं."

"पर बाई," बंडामामा शेवटी बोलले, "एवढ्या दणक्यात मांजराला तरी काय ऐकू येणार? आमची डोकी बधिर व्हत्यात."

बाईंनी समोरच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. खाली भाजीवाल्यांचा गलका असताना तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर एकटाच माणूस उभा असेल, तर तो चटकन दिसतो ना? मागांचा दणका बहुतेक सगळा खालच्या वारंवारतेचा. वर, गच्चीवर, जागा बरीच रिकामी असते. तिथे बारीकसा आवाज झाला तरी मांजराला तो वेगळा कळतो.

"गच्चीवर कोण आहे, ते मी सांगतो," टिपकागद पिशवीतून म्हणाला. "आधी मला बाहेर काढा. आत कांद्याचा वास येतोय."

कॉम्प्रेसर सुरू झाला, मग एकेक माग. भडंग पोत्यांवरून उतरला, आळस देत आला आणि आपल्या ठरलेल्या जागी बसला. मान वर. कान पुढे. वेणूने टिपकागदला काठीच्या टोकाला बांधून हळूहळू भिंतीवरून फिरवलं. त्याचं काम सोपं होतं; उंच आवाज टिपायचा आणि तो दहापट संथ करून ऐकवायचा. एका सेकंदात चाळीस हजार वेळा थरथरणारा आवाज असा चार हजारांवर येतो, आणि तो आपल्यालाही ऐकू येतो. वेणूच्या कानांवर मोठे हेडफोन होते. एक नंबरजवळ काही नाही. दोन नंबरजवळ काही नाही. तीन नंबरच्या वर, जिथे हवेची नळी काटकोनात वळते, तिथे काठी पोहोचली आणि हेडफोनमधून आवाज आला, 'फूऽऽऽस'. मध्येच थांबायचा, मध्येच जोरात यायचा. अगदी कुणीतरी दात विचकून फिस्कारतंय तसा. भडंग झडप का घालतो, ते वेणूला त्या क्षणी कळलं. भिंतीवर त्याला दुसरं मांजर डिवचत होतं.

तिने हेडफोन आईच्या कानावर चढवले. मग अण्णांच्या. बंडामामांनी ते घातलेच नाहीत. ते आत गेले, साबणाचा फेस करून आणला, शिडी लावली आणि तो त्या वळणावर थापला.

फेसात एक बुडबुडा उगवला. फुगला, फुटला. मग दुसरा. मग एकदम आठ-दहा.

बंडामामा शिडीवरच उभे राहून त्या बुडबुड्यांकडे बघत राहिले. खाली उतरल्यावर त्यांनी आधी भडंगकडे आणि मग वेणूकडे बघितलं. वळणाचं रबर फाटलं होतं. तिथून हवा निसटत होती, म्हणून तीन नंबरच्या झोतात जोर उरत नव्हता आणि आडवा धागा मध्येच पडत होता. माग चालू असताना ही गळती दणदणाटात बुडून जायची. आणि माग बंद झाले की इथल्या रीतीप्रमाणे कॉम्प्रेसरही लगेच बंद, मग हवाच नाही तर गळणार काय? माणसांना ती कधीच ऐकू येणं शक्य नव्हतं. भडंग महिनाभर बिचारा त्याच जागेकडे बोट दाखवत होता. बोट नव्हतं म्हणून नाक दाखवत होता.

नवं रबर बसलं. तीन नंबरचा माग तासभर न थांबता चालला, मग जेवणाच्या सुट्टीसाठी सगळे माग थांबले. आईने ताजं कापड टेबलावर ओढून घेतलं, उजेडात बघितलं, पुन्हा बघितलं आणि मागे वळून भडंगच्या डोक्यावर हात ठेवला. मग आत्याला फोन लावून म्हणाली, की उद्या ये, पण पिशवी आणू नको.

भडंगने जांभई दिली. मग अचानक त्याने मान वळवली आणि दाराच्या चौकटीवरच्या रिकाम्या जागेकडे टक लावली.

सगळे तिकडे बघायला लागले. टिपकागदचे कर्णे तिकडे वळले. "एक लाखापर्यंत काही नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा पडलेला वाटला.

"मग काय आहे तिथे?" वेणूने विचारलं.

"मला माहीत नाही," डॉ. मोमीन म्हणाल्या. हे सांगताना त्या इतक्या खूश दिसत होत्या, की वेणू त्यांच्याकडे बघतच राहिली. जगभर फिरलेली बाई, आणि तिला माहीत नाही याचाच तिला आनंद.

गल्लीत अशा किती कारखान्यांत किती नळ्या आत्ता फिस्कारत असतील, असं वेणूच्या मनात आलं. आणि भडंगसारखी किती मांजरं उगाच बोलणी खात असतील.

सुट्टी संपली. अण्णा आणि आई मागांच्या पलीकडच्या टोकाला होते. सहाही माग पुन्हा धडधडत होते. ओरडून काही उपयोग नव्हता. वेणू सुताच्या पोत्यावर चढली आणि हात वर करून टाळी वाजवल्यासारखे हलवले. दोघांनी तिच्याकडे बघितलं.

तिने गालांवर तीन-तीन बोटं ओढून मिशा काढल्या आणि जमिनीकडे हात दाखवला. भडंग इथेच राहणार. छातीवर बोट ठेवलं. मी. दोन्ही कानांमागे पंजे धरून ते फिरवले, मग हातोडी ठोकल्याची खूण केली. असा कान मी बनवणार, माझा स्वतःचा, मोमीनबाईंकडे शिकून. मग सगळ्या गल्लीवरून हात फिरवला. या प्रत्येक कारखान्यात तो घेऊन जाणार, आणि मोठी झाल्यावरही हेच करणार.

अण्णांनी भुवया उंचावून आईकडे बघितलं. आईने दोन्ही हात उलटे केले. म्हणजे, हे विचारतेयस की सांगतेयस?

वेणू हसली. उत्तरादाखल तिने तर्जनी वर उचलली आणि हवेत गोल, गोल, गोल फिरवली.