आभारात राहिलेलं नाव

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आमच्या घरात कुणाचाच नाही. माझे वडील तर मुद्दाम अमावास्येला नवीन चपला घ्यायचे.

त्यामुळे हे वाचून हसू आलं तर हसा. पण जे घडलं ते आम्ही सोळा जणांनी एकाच वेळी, आपापल्या कानांनी ऐकलंय. त्यातले बरेचसे अजूनही आमच्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर भाजी घेताना भेटतात. हवापाण्याचं बोलतात, मुलांच्या शाळेचं बोलतात.

त्या दिवसाबद्दल कुणीच बोलत नाही.

तारीख १० नोव्हेंबर २०२४. रविवार. जागा न्यूयॉर्क, मॅनहॅटन. रात्र नव्हती, सुनसान रस्ताही नव्हता. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि फुटपाथवर चालायला जागा नव्हती.

आधी नीनाकाकूंबद्दल सांगायला हवं.

नीना काळसेकर. हे नाव मी मुद्दाम पूर्ण लिहितेय.

न्यूयॉर्कजवळच्या आमच्या एडिसनला चाळीस वर्षं राहिल्या. शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. एक भाची, शरयू, ती लांब चँडलरला. काकूंचा जीव होता एका डच चित्रकारावर. पीट मोंद्रियान. काळ्या रेघा आणि लाल, पिवळे, निळे चौकोन. नाव माहीत नसलं तरी चित्रं तुम्ही पाहिली असतील, हल्ली मोज्यांवरसुद्धा असतात. हा माणूस महायुद्धात युरोप सोडून न्यूयॉर्कला आला आणि चार वर्षांच्या आत इथेच न्यूमोनियाने गेला.

काकूंनी चार वर्षं लायब्ररीत बसून, पायी फिरून त्याच्यावर एक टूर तयार केली. तो कुठे राहिला, कुठून कुठे चालायचा, शेवटचं घर कुठलं. आमच्या मराठी मंडळासाठी, मराठीतून.

काकूंची शिस्त शाळेची होती. सगळ्यांच्या कानात इयरपीस, काकूंच्या हातात माइक. दुसऱ्या हातात एक काठी आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचं ट्यूलिप. त्या ट्यूलिपचं पान पांढरं. मोंद्रियानला म्हणे हिरव्या रंगाचा तिटकारा होता, म्हणून त्याने आपल्या स्टुडिओतल्या खोट्या फुलाचं पान पांढरं रंगवलं होतं. गर्दीत ते पांढरं पान दिसलं की आम्ही मागोमाग चालायचो.

रस्ता ओलांडला की सगळ्यात मागच्या माणसाने ओरडायचं, "आले सगळे!" त्याशिवाय काकू पुढे बोलायच्या नाहीत.

आणि शेवटच्या थांब्यावर, सेंट्रल पार्कच्या कोपऱ्यावर, सगळ्यांनी झाडांकडे पाठ करून उभं राहायचं. मोंद्रियान तसाच बसायचा, म्हणायच्या.

त्या वर्षी फेब्रुवारीत काकूंचं हार्टचं ऑपरेशन झालं. आमच्या मंडळाचे सेक्रेटरी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले आणि येताना टूरची फाइल घेऊन आले. "तुम्ही बऱ्या होईपर्यंत मी सांभाळतो," म्हणाले.

सेक्रेटरींचं नाव मी लिहीत नाहीये. का, ते शेवटी सांगते.

मार्चमध्ये पोस्टर आलं. "संकल्पना, संशोधन आणि सादरीकरण", आणि खाली सेक्रेटरींचं स्वतःचं नाव. आयत्या बिळावर नागोबा! कमिटीत सगळ्यांना कळलं. बोललं कुणी नाही. मीही नाही.

कारण मी मंडळाची आभारप्रदर्शनवाली. आपल्याकडे कार्यक्रम एक वेळ फसला तरी चालतो, पण आभारात कुणाचं नाव राहिलं तर सात पिढ्यांचं वैर. म्हणून ते काम कुणी घेत नाही. माझ्या गळ्यात पडलं होतं. मार्चच्या टूरला मी लिहिलेल्या यादीत पहिलंच नाव काकूंचं होतं. सेक्रेटरींनी पेन काढलं आणि त्यावर काट मारली.

"लोक नाही नाही ते प्रश्न विचारतील, वहिनी. वाचा तुम्ही."

त्यांच्याच बालनाट्यात माझ्या अदितीला मुख्य भूमिका मिळाली होती. एवढंसंच कारण. लाज वाटते लिहिताना.

मी वाचलं. शेवटी नेहमीचं वाक्यही म्हटलं, "अनवधानाने कुणाचं नाव राहिलं असेल, तर क्षमा असावी."

टाळ्या वाजल्या. मान वर केली तर सगळ्यांच्या मागे नीनाकाकू उभ्या. ऑपरेशनला महिना झाला नव्हता. कशा आल्या होत्या, देव जाणे. हातात ती ट्यूलिपची काठी, तिच्यावरच भार टाकलेला.

जवळ आल्या. हळूच विचारलं, "माझं नाव राहिलं का गं?"

"पुढच्या वेळी नक्की घेते, काकू. देवाशपथ."

त्यांनी काठी सावरली. मग ठक... ठक... करत निघून गेल्या.

एप्रिलमध्ये काकू गेल्या. शरयूने ती काठी त्यांच्यासोबत ठेवली. फ्युनरल होममध्ये मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काठी त्यांच्याबरोबर जळाली.

आता नोव्हेंबर.

त्या दिवशी मी ठरवून गेले होते. आज नाव घ्यायचंच. यादीवर पुन्हा काट बसू नये म्हणून ट्रेनमध्ये बसूनच तळहातावर पेनाने लिहून ठेवलं. नीना काळसेकर.

चौदा लोक, सेक्रेटरी आणि मी. ईस्ट छप्पन्नाव्या रस्त्यावर मोंद्रियानच्या पहिल्या घरापाशी सेक्रेटरींनी सुरुवात केली.

"तर मंडळी, एकेचाळीस साली हा माणूस..."

"चाळीस."

कानात. अगदी हळू.

सेक्रेटरी थांबले. माझ्याकडे रागाने बघितलं. मी मान हलवली, मी नाही. माझ्याकडे माइकच नव्हता.

"एकेचाळीस साली..."

"चाळीस. नीट वाच."

बाजूच्या कृष्णाकाकांनी इयरपीस काढून बघितला, पुन्हा घातला. "कुणी बोललं का मध्ये?" त्यांनी विचारलं. सेक्रेटरी हसले. "यार, ही चायनीज मशीन! दुसऱ्या ग्रुपचं काहीतरी कॅच करतायत."

दुसऱ्या ग्रुपचं... मराठीत?

आम्ही चालायला लागलो. आणि मग तो आवाज सुरू झाला.

ठक... ठक...

इयरपीस काढला की बंद. घातला की चालू. आम्ही सिग्नलला थांबलो की तोही थांबायचा.

थर्ड अ‍ॅव्हेन्यूला सगळे पलीकडे गेले आणि माझ्या आधी सिग्नल लाल झाला. मी एकटी अलीकडे राहिले. मधून गाड्या जात होत्या. पलीकडे सेक्रेटरी माझ्या ओरडण्याची वाट बघत होते. मी तोंडही उघडलं नव्हतं.

"आले सगळे."

कानात नाही. माझ्या मागून.

मी वळून बघितलं. फुटपाथ भरलेला होता, पण माझ्या मागे बरोबर एका माणसापुरती जागा रिकामी होती. लोक तिला वळसा घालून जात होते.

पलीकडे सेक्रेटरींनी मान डोलावली आणि बोलायला सुरुवात केली. त्यांनाही ऐकू गेलं होतं. त्यांना वाटलं, मीच ओरडले.

सेंट्रल पार्कच्या कोपऱ्यावर पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. उजेड जवळजवळ गेलेला. फाइलमध्ये लिहिलं होतं म्हणून सेक्रेटरींनी सगळ्यांना झाडांकडे पाठ करून उभं केलं. मी पुढे होऊन त्यांच्या कानाशी गेले.

"दादा, आज मी काकूंचं नाव घेणार आहे."

त्यांनी माझा तळहात बघितला. माइकवर हात ठेवला.

"आज नको. चांगल्या कार्यक्रमात गेलेल्या माणसाचं नाव कशाला? आणि जूनमध्ये अदितीला कन्व्हेन्शनच्या नाटकात घ्यायचंय ना आपल्याला?"

मी मूठ मिटली.

हो. मिटली. दोनदा मिळालेली संधी मी दोनदा घालवली.

सेक्रेटरी समारोपाला उभे राहिले. "तर मंडळी, ही टूर ज्याच्या डोक्यातून निघाली, तो मी..."

थांबले.

"मी..."

लोक हसले. त्यांना वाटलं गंमत. सेक्रेटरी कपाळ चोळायला लागले. "मी... अरे... मी..."

त्यांची बायको, लतावहिनी, पुढे झाल्या. "अहो, काय होतंय?"

तेवढ्यात सगळ्यांच्या कानात खरखर झाली.

माइक सेक्रेटरींच्या हातात लोंबकळत होता. त्याचा दिवा बंद होता.

"कार्यक्रम छान झाला..." काकूंचा आवाज. वर्गात हजेरी घ्यायच्या तसा, सावकाश. "आता आभार. लता. कृष्णा. देवांग..."

एकेक नाव. ज्याचं नाव यायचं तो दचकायचा, पण जागचं कुणी हललं नाही. समोर इमारतीची मोठी काच होती. त्या काचेत आम्ही रांगेत दिसत होतो. आमच्या मागे काळी झाडं.

आणि आमच्या डोक्यांच्या वर, झाडांच्या पुढे... एक पांढरं पान.

मी पाहिलं. मंडळातल्या देवांगने पाहिलं. तो नंतर माझ्या समोर रडला.

चौदा नावं झाली. आवाज थांबला. मला वाटलं, संपलं.

"दोन नावं राहिली," काकू म्हणाल्या. "ती अनवधानाने नाही."

ठक... ठक... ठक... आवाज लांब गेला आणि पार्कात विरला.

सेक्रेटरी फुटपाथवर बसले होते. अ‍ॅम्ब्युलन्स आली. त्यातल्या मुलीने विचारलं, "सर, युअर नेम?" ते तिच्याकडे बघत राहिले. तिने लतावहिनींना विचारलं. लतावहिनींनी तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं.

एमआरआय नॉर्मल आला. सगळे रिपोर्ट नॉर्मल. ते सगळं ओळखतात, गाडी चालवतात, जेवतात. फक्त त्यांचं नाव कुणाच्या डोक्यात टिकत नाही. लायसन्सवर छापलेलं आहे. वाचायला गेलं की डोळे पुढच्या ओळीवर जातात. नोकरी गेली. दिवसभर खिडकीशी बसलेले असतात.

लतावहिनी मला म्हणाल्या, "आयुष्यभर अहो म्हणत आले. आता एकदा नावाने हाक मारावीशी वाटते, तर येतच नाही गं."

म्हणून मी त्यांचं नाव लिहिलं नाही. लपवत नाहीये. मला ते माहीत नाही.

मी कमिटीला सगळं सांगितलं. टूरला काकूंचं नाव दिलं. शरयूला फोन करून रडून माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "मावशी कुणाला पेपर परत लिहू द्यायची नाही."

वर्ष होत आलं. मला काहीच झालं नव्हतं. वाटलं, सुटले.

या गणपतीत देवांगने आभार मानले. यादी मीच टाइप केली होती, माझं नाव सातवं होतं. सहाव्यानंतर त्याने आठवं वाचलं. मी विचारलं तर म्हणाला, "सॉरी वहिनी, दिसलंच नाही."

आपल्यात नावाने हाक मारतं कोण? मी कुणाची वहिनी, कुणाची काकू. नवरा "अगं" म्हणतो. कधीपासून नाव ऐकलं नाही, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आज हे सगळं लिहून झालं. ज्या ऑनलाइन पेजला हे पाठवणार, त्यांनी खाली नाव टाकायला सांगितलंय. अर्धा तास झाला, मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसलेय.

शेवटी अदितीला हाक मारली. अगदी सहज विचारलं, "अदू, माझं नाव काय गं?"

ती हसली. "मॉम, यू आर मॉम!"

"अगं, नाव. माझं नाव सांग."

तिचं हसू थांबलं. ती आठवायला लागली.

अजून आठवतेय.