जिन्याच्या तोंडची भिंत

वीज गेली तशी प्लास्टरवाल्या काकांनी गोष्ट काढली. "ऐकीव नाही. माझ्या धाकट्या भावाच्या पोराची आहे. मधे हसलात तर उठून जाईन."

"मग हसतोच," कुणीतरी पुटपुटलं. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पोरगा कॉलेज सोडून घरी बसलेला. बाप गवंडी. गावच्या जुन्या चर्चमधला मनोऱ्याचा जिना कुणीतरी कधीतरी विटांनी बुजवलेला. समितीच्या म्हाताऱ्यांना तो उघडून हवा होता. चर्च कसं बांधलं, हे प्रत्येक म्हातारा वेगळं सांगायचा, आणि छाती ठोकून. शुक्रवारी सकाळी बापाने भिंत फोडायची, असं ठरवून मंडळी मोकळी झाली. भिंतीवर मनोऱ्याचा भार आहे का, एकानेही विचारलं नाही. मनोरा पडला तर बापावर पडणार होता, त्यांच्यावर थोडाच!

म्हणून गुरुवारी रात्री पावणेदहाला पोरगा बापाकडची किल्ली उचलून आत शिरला.

"रात्री कशाला मरायला?" ऐकणाऱ्यांतल्या एकाने विचारलं.

"दिवसा म्हाताऱ्यांनी हात लावू दिला असता होय रे?" काका म्हणाले.

बॅटरीच्या उजेडात भिंतीच बोलायला लागल्या. मधला दगडी भाग सर्वांत जुना. दोन्ही बाजूंच्या पडव्या मागाहून चिकटवलेल्या, सांधा उघडा दिसत होता. मनोरा शेवटचा. आणि जिन्याची भिंत? तिच्या विटांतला चुना बाहेर ओघळून तसाच वाळलेला. गवंडी उभा असतो त्या बाजूचा चुना तो थापीने कापून टाकतो.

म्हणजे बांधणारा पलीकडे होता. आत.

जिन्याला दुसरी वाट नव्हती...

पोरगा दोन पावलं मागे सरला. पण भार आहे का ते ओळखायला जाडी कळायलाच हवी होती. एके ठिकाणी आरपार फट होती. त्याने टेप सारला. सारत राहिला. भिंत कुठे संपते, कळेना. अशा मापाला पलीकडे माणूस लागतो, टोक धरायला.

टेप ताणला गेला.

अलगद. सरळ.

"क... कोण आहे?"

टेप सैल झाला. पोराने तो ओढला आणि पळत सुटला.

बाप घराच्या दारातच उभा. "कुठे उलथला होतास?"

पोराने टेप पुढे केला. "जिन्याची भिंत मोजली. अलीकडची कड माझ्या चिमटीशी." बापाने दिव्याखाली धरला. पट्टीवर एक आडवी लाल रेघ होती.

"भिंत इथवर आहे? बाप रे, एवढी जाड! अरे, मनोरा हिच्यावरच उभाय. नाही फोडत मी. म्हाताऱ्यांना म्हणावं, घ्या पहार." मग तो थांबला. "पण पलीकडून खूण केली कुणी?"

बापाने अंगठा पाहिला. गवंडी खुणेला लावतात तो गेरू लागला होता. ओला.