पुरचुंडीतला श्वास

"ऐक, दाणे श्वास घेतायत!" बाबांनी ओल्या फडक्यात बांधलेली गव्हाची पुरचुंडी चारुताच्या कानाला लावली.

"काहीतरीच हं, बाबा! गव्हाला नाक कुठंय?" पाण्याचा गार ओघळ मानेवरून पाठीत उतरला, तशी ती किंचाळून पळाली. मागून बाबांचं हसू आणि चार कोंबड्यांचा कलकलाट.

बाबा बियाण्यांचे शास्त्रज्ञ. त्यांची थट्टासुद्धा बियाण्यांचीच. तो बुधवार होता. गुरुवारी बाबांचं हृदय अचानक थांबलं.

महिना गेला. बाबांच्या पुरचुंडीतल्या गव्हाच्या मोडांना सोकावलेल्या कोंबड्या कोरड्या दाण्यांना जेमतेम चोच लावत.

"रविवारी शेजारच्या नानांकडे देऊन टाकू त्यांना," आई म्हणाली. "मला नाही गं झेपत."

"मी आणते ना मोड!"

चारुतानं डबाभर गहू घेतले, काठोकाठ पाणी ओतलं आणि झाकण घट्ट लावलं. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी उघडलं, तर बुडबुडे आणि आंबट घाण. मोड एकही नाही! ठमी कोंबडीनं एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

"तेच गहू, आणि पाणी तर बाबांच्या दुप्पट! मग चुकलं कुठं?"

ठोकळ्या घरंगळत आला. बाबांनी सुट्या भागांतून जुळवलेला हा परसातला यंत्रमानव. त्याच्या सोंडेत वायुमापक (कोणता वायू किती आहे ते सांगणारं उपकरण) होता. सोंड डब्यात घालून तो म्हणाला, "टाकून दे. गहू बुडून मेले."

"ते काय पोहायला गेले होते?"

"तू पाण्याखाली किती वेळ राहशील?"

"श्वास रोखून..." चारुता थांबली. "म्हणजे ते खरंच श्वास घेतात?"

"दाण्यात इवलंसं रोप झोपलेलं असतं. शेजारी त्याची शिदोरी, म्हणजे पिष्ट (भात-भाकरीत असतं तेच). पाणी मिळालं की विकरं (मोठ्या रेणूंचे तुकडे करणारी प्रथिनं) पिष्टाची साखर करतात. त्या साखरेतून वाढायला पुरेसं बळ मिळवायचं, तर ऑक्सिजन हवा. पाण्यात तो फारच थोडा."

"म्हणून फडकं! म्हणून बाबा टांगून ठेवायचे! भिजवायचं, मग निथळायचं. अरे, आई मटकीला मोड आणते तसंच की!"

"मग आधी आईलाच का नाही विचारलंस?"

"तू गप रे!"

नवे गहू संध्याकाळपर्यंत भिजले. मग चारुतानं ते निथळून फडक्यात बांधले. शनिवारी दोनदा खळखळून धुतले आणि पुन्हा टांगले.

रविवारी नाना कोंबड्या न्यायला डालगं घेऊन दारात हजर.

"नाना, थांबा!"

ठोकळ्यानं पुरचुंडीत सोंड खुपसली. टिक... टिक... टिकटिकटिक! "कार्बन डायऑक्साइड वाढतोय. श्वास सोडतायत!"

चारुतानं गाठ सोडली. प्रत्येक दाण्याला पांढरंशुभ्र टोक! मूठभर मोड उधळताच ठमी उडी मारून सगळ्यांत पुढं.

आई बघतच राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "नाना, डालगं रिकामंच न्या."

"ठोकळ्या, मंगळावरच्या वसाहतीतसुद्धा अशी पुरचुंडी टांगता येईल?" चारुतानं विचारलं.

"येईल. पण हवा न्यायला विसरू नकोस."

चारुतानं उरलेले मोड पुन्हा बांधले आणि पुरचुंडी कानाला लावली. पाण्याचा ओघळ पाठीत उतरला. या वेळी ती पळाली नाही. श्वासाच्या उबेनं आतले दाणे किंचित कोमट लागत होते.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "ऐकू येतंय."