नखभर बाहेर

मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या घराण्याचं नवी पेठेत बंदुकांचं दुकान होतं. आदिनाथशेठना कुणी यावरून छेडलं, की ते शांतपणे म्हणत, "आम्ही फक्त विकतो. मारायचं गिऱ्हाइकानं बघावं." आणि गिऱ्हाईक तरी कुठलं मारतंय! लग्नात कोटाखाली फुगवटा दिसला, की परवान्याचं सार्थक झालं.

भर दुपारी माळशिरसचे धोंडीरामबापू दुकानात आले, तेव्हा मात्र शेठ गादीवरून उठून उभे राहिले. गेल्या खंडेनवमीला बापूंचा मुलगा शिवराज गेला होता. पूजेसाठी आजोबांचं रिव्हॉल्व्हर पुसताना गोळी सुटली. कागदावर अपघात लागला. गोळी आत गेलीच कशी, हे कुणी विचारलं नाही.

त्या गोळ्या शेठनीच दिलेल्या. परवान्यावर बत्तीस बोअर, डब्यावरही बत्तीस. पण रिव्हॉल्व्हर जुनं, आखूड गोळ्यांचं. तसल्या आता मिळत नाहीत. नवी गोळी लांब. चक्रीच्या घरात घातली की मध्येच अडायची, बूड नखभर बाहेर राहायचं आणि रिव्हॉल्व्हर मिटायचंच नाही. बापू तेव्हा डबा परत घेऊन आले होते. विकलेल्या गोळ्या परत घेता येत नव्हत्या, म्हणून शेठनी थट्टा केली, "खंडेनवमीला पुजा. तेवढ्याच कामाच्या आहेत बिचाऱ्या."

बापूंनी ते मनावर घेतलं. दरवर्षी कोयत्याशेजारी रिव्हॉल्व्हर, रिव्हॉल्व्हरशेजारी डबा. कुंकू लावायचं काम शिवराजचं. कडबाकुट्टीत त्याच्या अंगठ्याचं पेर गेलेलं, त्यामुळं प्रत्येक हत्यारावर आखूड, बसका टिळा उमटायचा. घरात त्याचं हसू व्हायचं.

कोर्टातून सुटून आलेलं रिव्हॉल्व्हर बापूंनी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून काढलं. शेजारी डब्यातली एक गोळी ठेवली.

"शेठ, तुमाला बोल लावाय आलो न्हाय. खुशाल पूस, बसत न्हाय त्यात, आसं मीच म्हनलं हुतं पोराला. मी खोटं बोललो का, तेवडं बगा."

शेठनी आधी तेलाच्या फडक्यानं रिव्हॉल्व्हर मुठीपासून नळीपर्यंत पुसलं. फडकं वर्षावर्षांच्या कुंकवानं लाल झालं. मग ते उघडून त्यांनी गोळी घातली. अडली. दुसऱ्या घरात, तिसऱ्या घरात, पाचही घरांत तेच. बापूंनी स्वतःच्या हातानं दाबून पाहिली. बूड नखभर बाहेर.

"न्हाय बसत," बापू म्हणाले. त्यांचे खांदे सैल पडले. कित्येक महिन्यांनी माणूस खाली बसावा तसे ते स्टुलावर बसले.

गोळी काचेवर ठेवून शेठनी रिव्हॉल्व्हर मिटलं. पेठेतल्या रिक्षांचे आवाज येत होते. चहा सांगायला शेठ दाराकडं वळले आणि माघारी आले.

काचेवर गोळी नव्हती.

काउंटरखाली पाहिलं. पिशवी झटकली. बापूंनी न सांगता दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

शेवटी, उगीचच, शेठनी रिव्हॉल्व्हर उघडलं.

एका घरात गोळी होती. बूड काठाशी बरोबर.

बापूंनी काठावरून नख फिरवलं.

"म्हंजे बसती," ते हळूच म्हणाले.

शेठना मूठ हाताला चिकट लागली. त्यांनी बोटं उघडली. पुसलेल्या मुठीवर आखूड, बसका टिळा होता.

बापूंनी त्याशेजारी आपला अंगठा धरला. पेरभर मोठा पडला.

कुंकू ओलं होतं.